तुळईखालची बाज

कोऱ्हाळ्यातलं आबांचं जुनं लाकडी घर सरकारनं संरक्षित ठरवलंय. परवानगीशिवाय खिळाही ठोकता येत नाही. बोलताबोलता ते मधेच थांबतात, छताकडं कान देतात. मला वाटायचं, माझ्या गप्पांना कंटाळले. परवा मी आपला शहाणा, “काय तुळई आहे, आबा!” म्हणत नेमका तिच्याखालच्या बाजेवर ऐसपैस बसलो.

“उठा गुरुजी, चिरलीय ती. टेकू लावायचीबी परवानगी आली न्हाय अजून.” दंडाला धरून त्यांनी मला दारापाशी नेलं.

“मग तिथं झोपतं कोण?”

“मी. ही तुटली की सगळं माळवद खाली. सून-नातवंडं आत निजत्यात. लाकूड वाजलं, तर आधी मला कळावं. हाक मारण्यापुरता येळ मिळाला, तरी बास.”