मुळगावच्या वळणावरचा उशीर

किस्से जमवायचे म्हणून कुणी नोकरीला लागत नाही. पण तीन माणसं एकाच व्हॅनमधून एकाच रस्त्यावर दिवसाला दहा वेळा येऊ-जाऊ लागली की ते आपोआप साचतात. आमच्या डॅशबोर्डवर चार्जरच्या वायरी साचल्यात तसे.

आधी काम सांगतो. तुम्ही गाडीतून फोनवर बोलत जाता, तेव्हा तुमचा कॉल मागचा टॉवर सोडून पुढचा धरतो. याला हँडओव्हर म्हणतात. स्लॅब घालताना घमेलं हातोहात पुढे जातं ना, तसंच. पुढच्याने धरायला उशीर केला की घमेलं खाली आणि तुमचं "हॅलो, हॅलो" सुरू. हा उशीर कमी करायला आम्ही गोव्यातल्या पेडणे आणि डिचोलीचे रस्ते पालथे घालतो. व्हॅन चालवतो सावंतवाडीकडचा बाबुसो, लॅपटॉपवर नजर ठेवतो मी, आणि सेटिंग बदलायचं डोकं प्रसादचं.

* * *

धारगळला पहिल्याच दिवशी एका पट्ट्यात सात फेऱ्या मारल्या. टपावर अँटेना, मांडीवर लॅपटॉप. हायवेलगतचा शहाळीवाला आमच्याकडे टक लावून बघत होता. तिसऱ्या फेरीला त्याने गाडा हातभर मागे घेतला. पाचव्या फेरीला आणखी हातभर.

सातव्या फेरीला आम्ही शहाळं प्यायला थांबलो, तर हात जोडून म्हणाला, "सायबानू, आता आनी मागे सरूक जागो ना. मागे शेत आसा. रस्तो रुंद करतात तो हयसरच थांबवा."

* * *

कोरगावला काजूच्या एका बागेजवळ कॉल हमखास तुटायचा. प्रसादने आठवडाभर खपून तो टिकवला. बाग बापूकाकांची. म्हटलं, चांगली बातमी आपणच द्यावी. ऐकून काकांचं तोंड उतरलं.

"अरे, मेवणीचो फोन इलो काय मी बोलत बोलत हयसर येतंय," काका म्हणाले. "आता खंय जाव?"

* * *

बाबुसोने डिचोलीत बरीच वर्षं खाणीचा ट्रक चालवलाय. चाळीसचा वेग म्हणजे चाळीसच, काटा हलायचा नाही. एक अपवाद. वाटेत देऊळ आलं की वेग कमी आणि एक हात कपाळाला.

ऑफिसात नवे साहेब आले. त्यांनी आलेख बघितला. सहा ठिकाणी गाडीचा वेग पडलेला, त्यांना तो नेटचा वाटला. "इथे काहीतरी गडबड आहे. टॉवर वाढवायचे का?" बाबुसोला बोलावणं गेलं.

"सायबानू, थंय रेंज बरी आसा," बाबुसो म्हणाला. "थंय देवळां आसत."

तेव्हापासून आमच्या रिपोर्टमध्ये देवळांसाठी वेगळा रकाना आहे.

* * *

आता मुळगाव.

आमच्या टेस्ट कॉलच्या दुसऱ्या टोकाला, म्हापशाच्या ऑफिसात, वैशाली असते. ती गडहिंग्लजची. आवाज कुठे तुटतो ते कळावं म्हणून कॉलवर सतत बोलत राहायचं असतं. बाकीचे आकडे मोजतात. वैशालीला आकड्यांचा कंटाळा आला, तिने जेवणाच्या कृती सांगायला घेतल्या.

एकदा पांढरा रस्सा चालला होता. स्पीकर चालू, आम्हा तिघांच्या तोंडाला पाणी. "आता नारळाचं दूध घालायच्या आधी एक गोष्ट कधी विसरायची न्हाई," ती म्हणाली, आणि मुळगावचं वळण आलं. कॉल गेला.

"प्रसाद," बाबुसो म्हणाला, "सगळां सोड, आधी ह्यां वळाण नीट कर."

त्या वळणावर खाणीच्या मातीचा डोंगर आड येतो. मागचा टॉवर दिसेनासा झाल्यावर फोन पुढचा शोधायला लागायचा. तोवर कॉल मेलेला असायचा.

* * *

प्रसादला वैशाली आवडते हे मला, बाबुसोला आणि व्हॅनच्या चारही टायरांना माहीत होतं. प्रसाद गुणी पोरगा, पण मनातलं बोलायचं म्हटलं की घाम. तीन वेळा त्याने कॉलवर "वैशाली, एक विचारायचं होतं" अशी सुरुवात केली, आणि तिन्ही वेळा वळणाच्या शंभर मीटर आधी! कॉल तुटला की सुटलो म्हणून श्वास सोडायचा. मला खरंच राग यायचा. गाढवा, सरळ रस्त्यावर विचार की.

मग एका सोमवारी तिनेच कॉलवर सांगितलं, "रविवारी बेळगावचे पाहुणे येणार हाईत मला बघायला." आकडे मोजावेत तशा सुरात.

प्रसाद चार दिवस मान खाली घालून वळणाच्या मागे लागला. मागच्या टॉवरने सोडायच्या आधीच पुढच्याने जागा तयार ठेवावी, अशी सगळी मांडणी त्याने बदलली.

शुक्रवारी शेवटची फेरी. आज त्याने स्पीकर बंद करून हेडफोन लावला. बाबुसोचा काटा चाळीसवर. वळणाच्या शंभर मीटर आधी, सवयीने, हा म्हणाला, "वैशाली, माझ्याशी लग्न करशील?"

आणि सवयीनेच कॉल तुटायची वाट बघत बसला. तुटतो कसला? स्वतःच दुरुस्त केलेला. हँडओव्हर असा झाला की लॅपटॉपवरची रेघसुद्धा हलली नाही. प्रसादच्या कपाळावरून घाम निथळत होता. बऱ्याच वेळाने तो फक्त "बरं" म्हणाला, हेडफोन काढला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

बरं म्हणजे काय, ते सांगेना. बाबुसोने दोनदा विचारलं, मी चारदा. वैशाली शनिवारी गावी गेली. तो रविवार मला फार जड गेला.

सोमवारी मीटिंग, वैशालीही गावाहून परतलेली. शेवटच्या फेरीचं रेकॉर्डिंग तिथे सगळ्यांसमोर ऐकायची पद्धत आहे. इतकी वर्षं तेच काम करणारा प्रसाद नेमकं तेच विसरला होता. साहेबांनी बरोबर वळणापासून लावलं. लग्नाचा प्रश्न खोलीभर ऐकू आला. नंतर शांतता. एक सेकंद, दोन, पाच, अकरा.

साहेबांचे डोळे आलेखावर. त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं आणि चिडून म्हणाले, "वळणावरचा उशीर गेला म्हणता, मग हे काय?"

प्रसाद टेबलाखाली शिरायच्या बेतात होता. वैशालीने वहीतून डोकं वर न काढता सांगितलं,

"नेटवर्कनं वेळेत पोचवलंय, सर. उशीर माझ्याकडनं झाला. पुढचं ऐका की."