गप्प बसायचं प्रशिक्षण

पोंभुर्णा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पद मोठं आहे. खोल्या दोनच आहेत. मध्यंतरी आम्हा सगळ्यांना चंद्रपूरला प्रशिक्षणासाठी बोलावलं होतं. विषय, जागतिक आरोग्य. माझ्या शेजारी निवृत्तीला आलेल्या एक सिस्टर बसल्या होत्या. भिंतीवरचा फलक वाचून त्यांनी विचारलं, "जागतिक म्हणजे आपल्याले धरून, का सोडून?"

शिकवायला केनियाच्या डॉक्टरबाई आल्या होत्या. त्यांच्याकडेही सिकलसेलचे पेशंट आपल्यासारखेच पुष्कळ. त्यांचं इंग्रजी मराठीत सांगायला कॉलेजातले एक सर बसवले होते.

बाईंनी आमच्याकडून नाटक करून घेतलं. सिस्टर आई झाल्या, मी मीच. बाळाला सिकलसेल आहे हे मी त्यांना सांगायचं होतं. मी सांगितलं. आईबाप दोघं वाहक, म्हणून बाळाच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात; गोळ्या रोज द्यायच्या, लशी चुकवायच्या नाहीत, पाणी भरपूर पाजायचं, थंडीत जपायचं, ताप आला की लगेच आणायचं. सगळं एका दमात.

बाईंनी आईला विचारलं, काय कळलं?

"पाणी पाजाचं," सिस्टर म्हणाल्या.

मग बाई स्वतः सिस्टरसमोर बसल्या आणि एकच वाक्य बोलल्या. सरांनी ते मराठीत सांगितलं, "तुमच्या बाळाला सिकलसेल आहे." पुढे बाई गप्प. सरांनी बराच वेळ वाट पाहिली. मग जबाबदारीने आम्हाला सांगितलं, "मॅडम काही बोलून नाई राह्यल्या."

हॉलभर हशा झाला. सिस्टर हसल्या नाहीत. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "माह्या भाचीच्या वक्ताले असं कोणी थांबलंच नाई." बाईंनी त्यांचा हात धरला. हेही इंग्रजीत सांगू का, असं सरांनी विचारलं. बाईंनी मानेनेच नको म्हटलं.

पुढच्याच महिन्यात आमच्या गावातल्या एका बाळाचा रिपोर्ट आला. आईबाप धानाच्या रोवण्यातून थेट उपकेंद्रात आले, पाय चिखलाचेच. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, एक वाक्य बोलले आणि थांबले. थांबणं फार अवघड जातं. गोळ्या, लस, ताप, सगळं जिभेवर येऊन उभं राहतं.

"काऊन गप्प झाल्या मॅडम?" बापाने विचारलं.

आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती मला म्हणाली, "जगंल का जी माही पोरगी?"

"जगंल. तरास होईल, पण आपण सांभाळू."

ती रडली. बाप खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाकीचं मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, थोडं थोडं, तिने विचारलं तसं.

पोरगी आता अंगणवाडीत जाते. मधे एकदा हातपाय फार दुखले, जिल्ह्याला भरती करावं लागलं. नीट होऊन परत आली. मी दिसले की ती आईच्या मागे लपते. तिला मी आवडत नाही. लशी सगळ्या मीच टोचल्या आहेत.