अर्ध्या गोळीचा रस्ता

पुण्याहून निघाले तेव्हा मी चिडलेली होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार समजूतदारपणे वागले असा कुणाचा गैरसमज व्हायला नको. सकाळची बस, खिडकीची जागा, पिशवीत दोन दशम्या आणि डोक्यात एकच नाव: सविता मगर. या बाईला मला रंगेहाथ पकडायचं होतं.

मी संख्याशास्त्र शिकवते. रक्तदाबावरच्या विद्यापीठाच्या एका अभ्यासात आकड्यांची बाजू माझ्याकडे होती. काम ऐकायला सोपं होतं. बिडकीनजवळच्या एका गावात ज्यांचा रक्तदाब जास्त असेल त्यांना आमच्या कार्यकर्तीने, म्हणजे सविताने, दर महिन्याला गोळ्या घरपोच द्यायच्या. लासूर स्टेशनजवळच्या दुसऱ्या गावात फक्त रक्तदाब मोजायचा आणि जास्त निघाला तर सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून द्यायची. वर्षभराने दोन्ही गावं ताडून पाहायची.

बिडकीनकडच्या गावातला एक कागद मला सारखा टोचत होता. गयाबाई, वय साठीच्या आसपास. दर महिन्याला गोळ्यांच्या पट्ट्या पूर्ण रिकाम्या, एकही गोळी शिल्लक नाही, आणि रक्तदाब मात्र जिथल्या तिथे. अहो, माणूस एखाद्या दिवशी तरी गोळी विसरतो की नाही? मी स्वतः माझी थायरॉइडची गोळी आठवड्यातून एकदा विसरते. सविता घरी बसून फॉर्म भरते, असा निकाल मी पुण्यातच देऊन टाकला होता.

कायगावला गोदावरी ओलांडली आणि दोन्ही बाजूंना काळी माती, बोंडं फुटायला आलेली कपाशी दिसू लागली. दुपारी जिल्ह्याच्या शहरात, औरंगपुऱ्यात पोचले. आमचं ऑफिस भांड्यांच्या दुकानाच्या वर, दोन अरुंद जिने चढून. आमच्या गटाचे प्रमुख डॉ. शेख याच शहरात जन्मलेले, याच गल्ल्यांत वाढलेले. खाली दुकानात पातेली आपटत होती, त्या आवाजात त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सविता? ना ना मॅडम. तुम्ही जाऊन बघा. लेकिन बघायच्या आधी तिला काही बोलू नका," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न कळवता एकटीच काळी-पिवळीत (भाड्याच्या जीपमध्ये) बसले. अचानक धाड घालण्याचा बेत होता. बिडकीनच्या अलीकडे कारखान्यांसाठी नवे सिमेंटचे रस्ते झालेत. चार-चार पदरी, दुतर्फा दिव्यांचे खांब, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. एक म्हैस मधोमध उभी होती आणि ड्रायव्हर तिला वळसा घालून गेला. ते बघण्यात मी इतकी रमले की बिडकीन मागे पडल्याचं मला थेट ढोरकीनला कळलं. दुसऱ्या जीपने परत आले तर बिडकीनच्या फाट्यावर स्कूटी लावून सविता उभी! शेखसरांनी तिला फोन केला होता. तिशीची, उन्हाने रापलेली, पाठीवर रक्तदाबाच्या यंत्राची पिशवी. माझ्या धाडीचे असे बारा वाजले.

"लई लांब गेला होतात का मॅडम?" तिने हसू दाबत विचारलं. मी स्कूटीवर मागे बसले.

गयाबाईंचं घर पत्र्याचं, अंगण शेणाने सारवलेलं. आम्हाला बघताच त्यांनी चुलीवर तवा चढवला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसर (भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी) समोर आली. मी मिठाबद्दल भाषण सुरू करणार होते, पण पहिला घास घेतला आणि भाषण पुढे ढकललं. आमचं झाल्यावर त्या जेवल्या. मग फडताळातून गोळ्यांची पट्टी काढली, कमरेच्या बटव्यातून अडकित्ता काढला, आणि सुपारी कातरावी तशी गोळी मधोमध कातरली. अर्धी तोंडात टाकली. अर्धी चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवून झाकण लावलं.

सविताच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"निम्मी करते, बाई. निम्मी माझी, निम्मी मंदाची."

"मंदा कोण?"

"लेक माझी. लासूर टेशनाकडं दिली. तिला बी बीपी हाय. तिकडं तुमच्याच पोरीनं मोजलं, चिठ्ठी दिली. गोळी नाय दिली." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी समजावलं, "लेकीला कुरडया धाडतो, येसर धाडतो. गोळी का नाय धाडायची?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आम्ही एका गावाला गोळ्या दिल्या, दुसऱ्याला नाही, आणि मध्ये साठेक किलोमीटरचं अंतर ठेवून निश्चिंत झालो. पण त्या अंतरावरून सोयरिकी होतात आणि माहेरचा डबा जातो, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सविताने रक्तदाब मोजला. चढाच होता.

मी त्यांना सांगितलं की अर्ध्या गोळीने दोघींचंही भागत नाही, उद्या एखादीचं अंग लुळं पडेल.

"मग तिची सोय करा," गयाबाई म्हणाल्या. "तिची गोळी सुरू झाली असं तिच्या तोंडून ऐकलं, की मी अख्खी खाते. तवर निम्मीच."

"आणि तेवढ्यात तुम्हालाच झटका आला तर?"

"येऊ द्या."

मी हट्टी बाई म्हणून घरीदारी प्रसिद्ध आहे. त्या दिवशी मला माझ्याहून हट्टी बाई भेटली, आणि खरं सांगते, ती मला फार आवडली. लासूरला जायचं मी तिथेच ठरवलं. ते ऐकून त्यांनी कुरडया आणि येसरचा डबा बांधला आणि वर चुन्याची डबी ठेवली. ती मी काढून त्यांच्या हातात परत दिली.

"डबा नेते. ही मला नेता येणार नाही. मंदाला तिची स्वतःची गोळी तिथे मिळेल. नाही मिळाली तर परत येऊन तुमच्या अंगणात बसते."

शेखसरांना फोन केला. त्यांनी आधी गयाबाईंचा रक्तदाब किती ते विचारलं. मग म्हणाले, "मॅडम, मग आपला अभ्यास तो गया."

"गेला तर गेला. मी लासूरला निघालेय."

"जाईये. मी पण दुसरं काय सांगितलं असतं?"

शहराच्या स्टेशनवर गाडी दीड तास उशिरा. मी डबा मांडीवर घेऊन बाकावर बसले, शेजारी सविता. शेजारच्या एका म्हातारीने डब्याकडे बघून विचारलं, "लेकीकडं निघालात का?" मी हो म्हणाले. मला लेक नाही, पण त्या क्षणी नाही म्हणवेना.

म्हातारीची गाडी आल्यावर मी सविताला खरं सांगितलं: मी तुला पकडायला आले होते.

"ते मला काल फोन आला तवाच कळलं, मॅडम," ती म्हणाली. "पण चूक माझी बी हाय. रिकाम्या पट्ट्या मोजत राहिले, खाताना एकदा बी बघितलं नाय." तिने डोळे पुसले. मी माफी मागितली. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळे ती जरा मोठ्याने मागितली गेली आणि हमालानेही वळून पाहिलं.

लासूर स्टेशनला उतरलो तर हवेत कांद्याचा वास आणि बाजाराच्या रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग. रिक्षाने गावात पोचलो. मंदा पस्तिशीची, आईसारखीच हनुवटी. ओट्यावर सासूबाई तूर निवडत होत्या. माहेरचा डबा बघून मंदाचा चेहरा फुलला. तिने झाकण उघडून आत बोट फिरवलं, आणि डबी नाही म्हटल्यावर ती एकदम पांढरी पडली.

सविताने तिचा दंड धरून पट्टा बांधला. आकडा बघून तिने यंत्र माझ्याकडे वळवलं. वरचा दाब दोनशेला टेकला होता.

"डोकं दुखतं?"

"रोजच दुखतं." मंदा हळूच म्हणाली. "डबा यायला उशीर झाला की लई दुखतं. पण बोलू नका मॅडम, दुखणेकरी सून म्हणतील."

बोलू नका म्हणेपर्यंत सासूबाई सूप बाजूला ठेवून उठल्याच होत्या. सगळं सांगावं लागलं. मला वाटलं, आता सुनेच्या दुखण्यावरून रामायण होणार. रामायण झालंच, पण भलत्याच कारणावरून.

"गोळ्या माहेराहून?" सासूबाई कडाडल्या. "आमच्या घरात गोळीला काय दुष्काळ पडलाय? सोयऱ्यांनी काय म्हणावं? ती बिचारी तिकडं अर्धी खाऊन राहिली! चल, घाल चप्पल!"

आणि ओट्यावरची तूर तशीच टाकून त्यांनी सुनेला दवाखान्यात नेलं. आम्ही दोघी मागून जवळजवळ पळत होतो. डॉक्टर उठायच्या बेतात होते. सासूबाई दारात उभ्या राहिल्या आणि ते परत बसले. मंदाला महिनाभराच्या गोळ्या मिळाल्या. दवाखान्याच्या पायरीवरच तिने आईला फोन लावला.

"आई, भेटली गोळी. अख्खी. तू बी अख्खी खा आता."

 मग गयाबाईंनी मला फोन द्यायला सांगितलं.

"बाई, आमच्या गावच्या चार लेकी त्या गावात दिल्यात. मंदा एक. दोघींच्या आया माझ्यासारखंच करत्यात, तुमाला कोण सांगणार. त्यांचं बी बघा."

"आणि चौथी?"

"सुरेखा. पोळ्याच्या आधी गेली ती. डोक्यात रक्त झालं. तिला आई नव्हती, बाई. निम्मी कोण धाडणार?"

त्या दोघींची नावं मी सविताला लिहून दिली आणि त्याच दिवशी त्यांनाही दवाखान्यात नेल्याशिवाय आम्ही गाव सोडलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी लॅपटॉप उघडला आणि सुरेखाची ओळ शोधली. रक्तदाब जास्त, चिठ्ठी दिली. त्यापुढे दोन भेटी: "घर बंद". बायको गेल्यावर नवरा मुलांना घेऊन शहरात गेला होता, हे गावातच कळलं होतं; घर बंदच असणार. मी पुण्यात बसून त्या ओळीला "गैरहजर" असा शिक्का मारून पुढे गेले होते. रोज असे शेकडो शिक्के मारते. बस नगर सोडेपर्यंत मी ती ओळ बघत होते आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

पुण्यात अभ्यासाच्या समितीपुढे मी मागणी ठेवली की दोन्ही गावांत गोळ्या सुरू करा, आजपासून. फोनवर शेखसरांनी पाठिंबा दिला. तरी प्रश्न आलाच: मग तुलना कशाशी करणार, सिद्ध काय करणार? वाद तीन बैठका चालला. तिसऱ्या बैठकीत मी वाद घातला नाही. सुरेखाची ओळ दुरुस्त करून नेली होती, तीच वाचून दाखवली: "मृत्यू. चिठ्ठी दिली होती. गोळी दिली नव्हती."

दोन्ही गावांत गोळ्या सुरू झाल्या. अभ्यास अर्धवट राहिला, शोधनिबंध कुणी छापणार नाही, आणि त्याचं मला काडीचंही दुःख नाही. दुःख आहे ते त्या एका ओळीचं. ती मी पुसलेली नाही.