तीनचाकीला सायकल म्हणत नाहीत

हिंगोलीत रस्त्याकडेची सायकलची पट्टी ठेवायची की काढायची यावर लोक तावातावाने बोलत होते, तेव्हा त्या पट्टीवरून रोज जाणारी बहुधा मी एकटीच होते. लहानपणी पोलिओने माझे दोन्ही पाय गेले. फॉल-पिकोचं माझं दुकान घरापासून लांब, मोंढ्याच्या रस्त्यावर. कितीतरी वर्षं धाकटा भाऊ मला उचलून मोटारसायकलवर बसवायचा आणि दुकानात उतरवायचा. त्याला उशीर झाला की मला उशीर. त्याचं डोकं फिरलेलं असलं की मी गप्प.

मग अपंगांच्या सरकारी शिबिरात मला तीनचाकी मिळाली, हाताने पॅडल फिरवायची. वाटपाच्या दिवशी माईकवरून सगळे तिला सायकलच म्हणत होते. पुढे रस्ता नवा झाला, कडेला पांढरी रेघ मारून सायकलचं चित्र काढलं, आणि मी एकटी दुकानात जायला लागले. एकटी! वाटेत मनाला येईल तिथे थांबून पेरू घ्यायचे, उगाच लांबून वळसा मारायचा. पट्टीवर कुणी स्कूटर लावली की माझ्या तोंडाचा पट्टा सुटायचा, मग समोर कोण आहे ते मी बघत नसे.

कोंडी होत होती, खोटं कशाला बोलू? सोयाबीन निघालं की मोंढ्याकडे जाणारे ट्रॅक्टर, शाळेचे ऑटो, मधेच एसटी. सगळ्यांची नजर त्या पट्टीवर गेली. एका सकाळी नगरपालिकेचे साहेब पाहणीला आले, तेव्हा दुकानदारांनी त्यांना माझ्या दुकानासमोरच घेरलं. मी तीनचाकीत, त्या पट्टीवरच होते.

“साहेब, सायकल चालवून कोण राहिलं आता? एक तर दाखवा,” शेजारचा किराणावाला म्हणाला. रोज मला चहा पाठवणारा माणूस.

“मी हाय की!” मी हात वर केला.

तो कौतुकाने हसला. “ताई, तुमची काय सायकल हाय व्हय? तुमची तर गाडी हाय!”

सगळे हसले. साहेबही हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, म्हणून तर मला भांडताही आलं नाही. मीसुद्धा थोडी हसले.

पट्टीवर काळा रंग फासला गेला. त्यानंतरही मी काही दिवस तशीच निघत होते. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की हात पॅडलवरच थांबायचे. एकदा ट्रॅक्टरची ट्रॉली चाकाला घासून गेली. घरी आल्यावर भाऊ म्हणाला, “आक्का, आता बास. काहून जिवाशी खेळून राहिली?” त्याचं बरोबर होतं. बरोबर होतं याचाच मला जास्त राग आला.

तीनचाकी आता घरामागे उभी असते, वहिनी तिच्यावर गोधड्या वाळत घालते. पट्टीच्या जागेवर मोटारी लागतात आणि कोंडी होती तशीच आहे. पुन्हा कुणी रेघ मारेल असं मला वाटत नाही. खरं सांगायचं तर मला आता काहीच वाटत नाही.

सकाळी दारात ऑटो येतो, रोज वेगळा. भाऊ मला उचलून मागच्या सीटवर बसवतो. ऑटोवाला माझ्याकडे न बघता त्याला विचारतो, “ताईला कुठं उतरवायचं?”

दुकान माझं आहे. पत्ता भाऊ सांगतो.