आ करा, साहेब!

लालबागच्या एका दवाखान्यात दातांच्या डॉक्टरबाईंची असिस्टंट म्हणून मला बावीस वर्षं झाली. कापूस द्या, ग्लास द्या, नळी धरा! एवढ्या वर्षांत दातांपेक्षा किस्सेच जास्त जमलेत. कारण माणूस आ करतो तेव्हा अक्कलही दिसते!

काळाचौकीचा एक नवरदेव. पुढच्या तुटलेल्या दाताला कॅप हवी. बाई म्हणाल्या, "बाजूच्या दातांच्या रंगाची घेऊ." बाजूचे दात गुटख्याने विटकरी!

"मॅडम, लग्न माझंय! एकदम व्हाइट पाहिजे!"

बसवली. लग्नात फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, तोंड मिटा. फ्लॅश परत येतोय!"

दादरचे एक रिटायर्ड प्रोफेसर. मधला दात पडलेला. ब्रिजसाठी शेजारचे दोन दात घासावे लागतील म्हटल्यावर उसळले. "चूक एकाची, शिक्षा दोघांना? हा अन्याय आहे!" वीस मिनिटं लेक्चर.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मग हाडात स्क्रू बसवू."

"तसं... शेजाऱ्यांनी थोडं सोसायला हरकत नाही."

एकाने विचारलं, "कॅपला कीड लागत नाही ना?" बाई म्हणाल्या, "कॅपला नाही." पुढचं ऐकायला थांबतोय कोण! सहा महिन्यांनी हिरड्या सुजवून हजर. ब्रशच सोडलेला!

परळचे एक मालवणी काका सुरमईबरोबर कॅप गिळून बसले. तिसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आले, रुमाल उघडला. "गावली! तीनदा उकळलंय. आपलीच वस्तू, लाज कसली?"

मी विचारलं, "कशात उकळलीत?"

"चायच्या टोपात!"

काकू ताडकन उठल्या. त्यांना ठाऊकच नव्हतं!

आणि माझगावचं ते जोडपं. नवरा बँकेत साहेब, टाय-बिय लावून. बायकोचे पुढचे दोन दात गेलेले. बाई तिला विचारत, उत्तर तो देई.

"कसे पडले?"

"बाथरूममध्ये घसरली."

"ताई, तुम्ही सांगा."

"ती काय सांगणार? मी सांगतोय ना!"

मी नळी धरून उभी. त्याच्याच तोंडात कोंबावीशी वाटली.

महिन्याभरात ब्रिज पक्का बसला. तिने आरशात पाहिलं, तोंडावरचा हात पहिल्यांदाच खाली घेतला. मग बाईंना विचारलं, "जोरात चावलं तर निघणार नाही ना?"

"छे! थोडे दिवस सांभाळा, मग मटणाचं हाडसुद्धा चावा."

"हाड नाही हो, डॉक्टर," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली. "हात."