चतुर्थीचा हिरवा दिवा

आई नोएडाच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती आणि तिला तिथेच राहायचं होतं. मला ती गुडगावला, माझ्या घरी हवी होती. या एका गोष्टीवरून आमचं दोन वर्षं वाजत होतं. मी एकुलती एक, बाबा जाऊन चार वर्षं झालेली, आणि आईचं म्हणणं ठरलेलं: लेकीच्या घरी पाहुणी म्हणून यावं, गाठोडं घेऊन येऊ नये. माझा नवरा भला माणूस आहे, तो हे ऐकून हसायचा. मला हसू येत नसे.

पुण्याहून आम्ही इथे आलो तेव्हा मी शाळेत होते. नव्या कंपन्या येत होत्या, बाबांच्या कंपनीनं नोएडात कारखाना काढला, आणि जिथे पत्ता म्हणजे सेक्टरचा नंबर अशा या गावात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला लागलो. बाल्कनीसमोर तेव्हा मोहरीची शेतं होती. आता तिथे तीस मजली टॉवर आहे. आई दर संकष्टीला दिवसभर उपास करते आणि चंद्र दिसला की जेवते. पुण्याहून मागवलेल्या दिनदर्शिकेत चंद्रोदयाची जी वेळ छापलेली असते तिच्यात ती दिल्लीचा फरक धरते, आणि वर टॉवरची म्हणून पंचवीस मिनिटं मिळवते. धुक्याच्या दिवसांत चंद्र दिसतच नाही, तेव्हा ती घड्याळावर विश्वास ठेवते. पण उपास मोडल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या लग्नाच्या दिवशीही संकष्टी होती आणि पंगतीत वाढणारी ही एकटी बाई उपाशी होती.

मग एकदा तिला स्वयंपाकघरात चक्कर आली. कामवाली येईपर्यंत पाऊण तास ती फरशीवर पडून होती. लागलं काही नव्हतं, पण मला तो पाऊण तास सोडेना. मी पुन्हा गुडगावचा विषय काढला. पुन्हा वाजलं.

तोडगा माझ्या ऑफिसातून निघाला. आमच्याकडची नोकरी सोडून दोन मुलांनी स्वतःची कंपनी काढली होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात ते बिनतारी सेन्सर बसवून द्यायचे. साबणाच्या वडीएवढे पांढरे डबे, भिंतीला चिकटवलेले. कोणी हललं, दार उघडलं, गॅसच्या ओट्याशी ऊब आली, की त्यांना कळायचं. तीन आठवडे ते माणसाचा दिनक्रम शिकायचे. मग माझ्या फोनवर प्रत्येक खोलीपुढे एक ठिपका. सगळं रोजच्यासारखं असेल तर हिरवा, उशीर झाला तर पिवळा, फार उशीर झाला तर लाल. आई या सगळ्याला मिळून 'दिवा' म्हणायची.

कॅमेरा तिनं साफ नाकारला. "मी काय बँक आहे?" म्हणाली. डबे चालतील, पण एका अटीवर.

"दिवा हिरवा आहे तोवर गुडगावचं नाव काढायचं नाही."

"आणि लाल झाला तर?"

"तर काढ. बिल्कुल काढ. मी बॅग भरीन."

मी कबूल केलं. मला वाटलं, महिन्याभरात होईलच लाल.

महिन्याभरात झालाही. मी मीटिंगमध्ये होते. दुपारी एकला स्वयंपाकघर पिवळं, दोनला लाल. आई फोन उचलेना. मी यमुनेवरच्या पुलावरची गाड्यांची ती सगळी रांग शिव्या देत पार केली, तीन मजले धावत चढले, तर आई बाल्कनीत उन्हात पाय सोडून पेपर वाचत बसलेली, फोन आत चार्जिंगला.

"अगं, आज चतुर्थी," ती म्हणाली. "विसरलीस? चलो, म्हणजे तुझ्या दिव्याला धर्म माहीत नाही."

त्याला माहीत नव्हता हे एक वेळ ठीक, पण मलाही आठवलं नव्हतं याची लाज वाटली. त्या लालचा हिशेब तिनं धरू दिला नाही, आणि मीही धरला नाही. कंपनीतल्या मुलांना मी विचारलं की हा दिवस मशीनला शिकवता येईल का. ते म्हणाले, मॅम, वार सांगा किंवा तारीख सांगा. चंद्रावर चालणारं त्यांच्याकडे काही नव्हतं. शेवटी मीच माझ्या फोनात वर्षभराच्या संकष्ट्या घातल्या आणि प्रत्येकीपुढे लिहून ठेवलं: आज दुपारी स्वयंपाकघर लाल होईल, घाबरू नकोस.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. इतकं की मी ऑफिसात लोकांना फोन काढून दाखवायचे. आधी मी रोज रात्री नऊला आईला फोन करायचे आणि पहिला प्रश्न असायचा, "जेवलीस का?" आता जेवली ते मला दिसत होतं. मग फोनवर मी म्हणायचे, "आज अकरा वाजता बाल्कनीत होतीस ना?" ती म्हणायची, "तुला माहीतच आहे तर." खरंच, माहीत असलेलं किती विचारणार? फोन रोजचा होता तो दोन-तीन दिवसांआडचा झाला. रविवारची फेरी महिन्यातून एकदा झाली, मग तीही कधी चुकायची. आईनं एकदाही टोमणा मारला नाही, आणि टोमणे मारायला ती कचरणारी नव्हे. मला वाटायचं, बरं चाललंय. मी चांगली मुलगी आहे असंही वाटायचं.

तो फेब्रुवारीतला एक बुधवार किंवा गुरुवार असेल. सकाळी फोननं आठवण दिली: आज दुपारी स्वयंपाकघर लाल होईल, घाबरू नकोस. दीडच्या सुमाराला मी सहज पाहिलं. स्वयंपाकघर हिरवं. बारा वाजून वीस मिनिटांनी गॅसच्या ओट्याशी ऊब, मग फ्रिज, मग जेवणाच्या टेबलाशी हालचाल. अगदी रोजच्यासारखं.

तिथी चुकली असेल म्हणून मी पुन्हा तपासली. चुकली नव्हती. मी फोन केला.

"आज चतुर्थी ना गं?"

"हो."

"उपास?"

"आहे तर," आई म्हणाली. "का?"

माझ्या हातात तो हिरवा ठिपका होता. आई उपासाबद्दल खोटं बोलत होती. ती पडल्याची वाटली नव्हती इतकी भीती मला त्या दोन शब्दांची वाटली. बॉसला काहीबाही सांगून मी निघाले.

दार कामवालीनं उघडलं. ही पन्नाशीची बिहारी बाई दहाला काम आटपून जाते, आणि तेव्हा चार वाजले होते. माझ्याकडे बघून तिनं जीभ चावली. "दीदी, हमने तो बोला था बता दीजिए," एवढं म्हणून ती चहा ठेवायला आत पळाली.

आई खुर्चीत बसली होती, अंगावर शाल. मी शाल बाजूला केली. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

बारा दिवसांपूर्वी बाल्कनीत कपडे वाळत घालताना ती घसरली होती. कामवालीनं तिला ई-रिक्षात घालून सेक्टरातल्या दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून दुपारच्या स्वयंपाकाच्या वेळेआत परत आणलं. त्या दिवसापासून दिनक्रम चालवला जात होता. आई पलंगावरून वेळ सांगायची आणि कामवाली ती पाळायची. सातला फ्रिज उघड, सव्वासातला गॅस पेटव, अकराला बाल्कनीत जाऊन दोन मिनिटं उभी राहा. घरी दोघी आहेत की एकटी, हे त्या डब्यांना कळत नव्हतं. संध्याकाळी कामवाली घरी जाऊन स्वतःचा स्वयंपाक करायची आणि परत यायची. बारा दिवस दोघींनी मिळून तो दिवा तेवत ठेवला होता. मी गुडगावात बसून तो बघत होते आणि माझं समाधान होत होतं.

"आठवड्यात मधेच कशी आलीस?" आईनं विचारलं. "दिवा तर हिरवा होता."

"तू दुपारी जेवलीस म्हणून आले."

प्लास्टर उघडं पडलं तेव्हा तिचा चेहरा बदलला नव्हता. आता बदलला. ती खाली बघायला लागली. डाव्या हातानं तिनं शाल पुन्हा ओढून घेतली.

"गोळी उपाशीपोटी चालत नाही म्हणाला डॉक्टर," ती म्हणाली. "दुखतं फार. दोन घास वरणभात खाल्ला." मग, "ते पण दिसतं का गं?"

"दिसतं."

"अच्छा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हात मोडला तेव्हाही आलं नसेल.

मला राग आला होता. तिचा नाही, कामवालीचा तर मुळीच नाही. ज्या बाईनं माझ्या लग्नातही घास घेतला नाही, तिला तिचा मोडलेला उपास मी यमुनेपलीकडून येऊन दाखवत होते. आणि बारा दिवसांत तिचं मनगट मला दिसलं नव्हतं, कारण मी बघायला आलेच नव्हते. पाच रविवार झाले होते. मी मोजले.

चहा झाला. दोघींनाही ठाऊक होतं की आता गुडगावचा विषय निघणार. माझ्या तोंडात तो आलाही होता. आईनं तो ओळखला आणि मान वर केली.

"दिवा हिरवा होता की नाही?"

"होता."

"एकदाही लाल झाला?"

"नाही झाला, आई."

"मग ठरल्याप्रमाणे," ती म्हणाली. आवाज कापत होता. बॅग भरायला सांगितली असती तर तिनं भरली असती, डाव्या हातानं, एक शब्द न बोलता. हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं, आणि त्यानंतर ती किती दिवस जगली असती तेही.

मी विषय काढला नाही. कामवालीला विचारून तिचं रात्रीचं राहणं पक्कं केलं. मग ड्रॉवरमधून सुरी घेतली आणि ओट्यावरचा, फ्रिजचा आणि टेबलापाशी भिंतीवरचा, असे तीन डबे खरवडून काढले. दाराचा, बाल्कनीचा आणि न्हाणीघराचा असे राहू दिले. भिंतीचा रंग डब्याबरोबर निघून आला.

"रंग गेला ना!" आई ओरडली. "मागच्याच दिवाळीला लावलाय." तिचा आवाज जाग्यावर आला होता.

रात्री मी थांबले. टॉवरच्या मागून चंद्र वर आला तेव्हा तिनं खुर्चीतूनच हात जोडले, एक साधा आणि एक प्लास्टरचा. उपास मोडलेला असला तरी चंद्र बघायचा राहिला नाही.

याला आता दोन वर्षं होतील. आई नोएडातच आहे. हात जुळून आला, थोडा वाकडा. रविवारी मी जाते. बाकीचे दिवस रात्री नऊला फोन करते, कारण तिच्या स्वयंपाकघरात काय चाललंय ते मला दिसत नाही.

"जेवलीस का?" मी विचारते.

"जेवले," ती म्हणते, आणि मला ते मानावं लागतं.