वणवा बघायला या

कुणीतरी वाळल्या गवताला काडी लावली आणि आमच्या घरामागचा डोंगर पेटला. सकाळी खिडकी उघडली, तर घशात कडवट धूर गेला. दोरीवरच्या चादरीवर राख बसली होती. झटकायला गेले तर आणखीच फासली गेली.

शेजारच्या सुमनवहिनींना दमा आहे. ओला पंचा नाकाशी धरून त्या पायरीवर बसल्या होत्या, एकेक श्वास ओढून घेत. तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून तिथे आलेले एक पाहुणे मोबाइल उंचावून ओरडले, "अहो, वर या की! काय देखणा दिसतोय वणवा!"

मला शिसारी आली. टीव्हीवरही कुठल्या कुठल्या देशांतली जंगलं जळतात, तेव्हा ज्वाळाच दाखवतात. वारा धूर नेईल तिथे, पार लांबच्या गावात, खिडकीच्या फटीत फडकी कोंबणारी बाई कुणाला दाखवावीशी वाटत नाही. खोकला देखणा नसतो ना!

सुमनवहिनींनी बोलण्यापुरता श्वास गोळा केला. "तुम्हीच खाली या, भाऊ," त्या म्हणाल्या. "इथून नीट कळेल."

गृहस्थ हसले आणि पुन्हा डोंगराकडे वळले. मी वहिनींना हाताला धरून आत नेलं, दार घट्ट लावलं. धूर आमच्याआधीच आत येऊन बसला होता.